जिंकणाऱ्याने उठायचं नाही

संक्रांतीला मार्गळी संपून तै हा तमिळ महिना लागला की घरात लग्नपत्रिका येऊ लागतात. चारही कोपऱ्यांना हळद लावलेल्या, हाताला पिवळा डाग ठेवणाऱ्या. महिनाभर मुहूर्त नसल्यामुळे अडून राहिलेले सगळे वर-वधूपिते एकदम सुटतात आणि चेन्नईतल्या एकूण एक कल्याण मंडपांबाहेर केळीचे खांब उभे राहतात. तै जन्मला की वाट जन्मते, असं इकडे म्हणतात. ते लग्नाळू मुलामुलींसाठी असावं. म्हाताऱ्यांना कुठली वाट जन्मते, याबद्दल ती म्हण काही बोलत नाही.

आज सकाळी यंदाची पहिली पत्रिका आली. मी ती अप्पांसमोरच्या तिपाईवर ठेवली. अप्पांनी ती उचलली आणि न वाचता बाजूला केली, कारण त्या जागी त्यांचा फोन उभा असतो. स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवलेला, जरासा कललेला. पडद्यावर एक लांबट हिरवं टेबल आणि त्याभोवती सहा गोल. त्यातला एक गोल म्हणजे माझे वडील.

हळद त्यांच्या बोटाला लागली होती. ती त्यांनी धोतराला पुसली आणि पुन्हा पडद्याला बोट लावलं.

पत्रिकेचा वास मला अजूनही थेट मंडपाच्या माडीवर नेऊन सोडतो. खाली नादस्वर, मोगरा, ओल्या केळीच्या पानांचा वास, आणि माडीवर पुरुषांची सीट्टु कच्चेरी. सीट्टु म्हणजे पत्ते. गाण्याची कच्चेरी असते तशी ही पत्त्यांची. मुहूर्त लागला, पंगती उठल्या, की संध्याकाळच्या रिसेप्शनपर्यंतची ती जडावलेली दुपार कशी काढायची, याचं आमच्या तंजावरी मराठी मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या काढलेलं हे उत्तर. जमखाना अंथरायचा, चौघांनी मांडी घालायची, आणि तीनशे चार नावाचा खेळ खेळायचा. समोरासमोर बसलेले दोघं जोडीदार. माझ्या आठवणीत अप्पांच्या समोर कायम एकच माणूस बसलेला आहे, पंचूमामा. आईचा थोरला भाऊ. तंजावरहून गाडीने यायचा, आणि त्याच्या कापडी पिशवीत बदलायच्या धोतराआधी पत्त्यांचा कॅट असायचा. पानं सरकावीत म्हणून तो त्यांना टाल्कम पावडर चोळायचा. मामा खेळून आला की त्याच्या हातांना तान्ह्या बाळाचा वास यायचा, आणि आई त्याला त्यावरून चिडवायची.

त्या कच्चेरीची एक रीत होती. जिंकत असलेल्याने आपण होऊन उठायचं नाही. हरणाऱ्याचं मन भरेपर्यंत, तो स्वतः ‘पोदुम’, म्हणजे पुरे, म्हणेपर्यंत पानं वाटत राहायची. आणि त्याने पोदुम म्हटलं की जिंकणाऱ्याने खाली स्वयंपाक्याकडे जाऊन त्याच्यासाठी आपल्या हाताने कॉफी आणायची. जिंकून चटकन उठून जाणारा माणूस आमच्यात हलका समजला जाई. एकदा कुणा जावयाने तसं केलं होतं. त्याची हुशारी, पगार, परदेश, सगळं विसरून लोकांनी तेवढंच लक्षात ठेवलं. पंचूमामा तर या बाबतीत फार कडक. एका लग्नात वधूला निरोप द्यायची वेळ झाली तरी तो समोरच्याचं पोदुम ऐकायला बसून राहिला होता आणि आईने जिन्यातूनच त्याचा उद्धार केला होता.

मला ही रीत लहानपणापासून आवडायची. आपल्या माणसांबद्दल अभिमान वाटावा अशा ज्या चार-दोन गोष्टी सापडतात, त्यात मी ती धरत असे. आता नाही धरत.

वेस्ट मांबलमचं आमचं भाड्याचं घर पाडायला निघालं तेव्हा माझा धाकटा भाऊ श्रीधर आम्हाला पेरुंगुडीला आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. तिथे तो आणि त्याची मुलगी मैथिली, दोघंच राहत. मी शाळेतून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, अप्पा बँकेतून निवृत्त होऊन जमाना झालेला, आई नाही. श्रीधरचं ऑफिस इथून चालत जाण्यासारखं, म्हणून सगळ्यांच्या सोयीचं. सोय होतीच. लिफ्ट होती, चोवीस तास पाणी होतं. बाल्कनीतून मेट्रोचे अर्धवट खांब दिसायचे आणि वारा फिरला की कचराडेपोचा वास यायचा. फक्त अप्पांना पत्ते खेळायला माणूस नव्हता. मांबलमला तरी गल्लीत दोघं-तिघं उरले होते. इथे मजल्यावर चार दारं, चारही कायम लावलेली. अप्पा सकाळी उगाच लिफ्टने खाली जायचे आणि वर यायचे. वॉचमनशी बोलून झालं की दिवस संपायचा.

मग इकडे दिवाळीनंतर पडतो त्या पावसाचे आठवडे आले. खाली जाणंही बंद झालं. त्यातल्या एका रविवारी जेवणं झाल्यावर श्रीधर अप्पांच्या शेजारी येऊन बसला आणि त्याने त्यांच्या फोनवर पोकरचा खेळ घालून दिला. खऱ्या पैशांचा नव्हे. तेवढं त्याने मला आधीच सांगितलं होतं. “खोटे चिप्स आहेत, अक्का. संपले की फुकटात पुन्हा मिळतात. नुसतं मन रमायला.” श्रीधरचा हेतू चांगला होता, हे मी कितीही चिडले तरी मला म्हणावंच लागतं.

अप्पा चष्मा पुसून विद्यार्थ्यासारखे बसले. प्रत्येकाला दोन पानं, ती आपल्यालाच दिसतात. मधे पाच पानं उघडी पडत जातात, ती सगळ्यांची. सातांतून उत्तम पाच निवडायची. एकाच जातीची पाच आली तर फ्लश, ओळीने आली तर स्ट्रेट, नाही तर जोड्या. पान नको असेल तर फोल्ड, बरोबरी करायची तर कॉल, चढवायचं तर रेझ. श्रीधर इंग्रजी-तमिळमध्ये सांगत होता आणि अप्पा प्रत्येक गोष्ट आमच्या बोलीत पुन्हा म्हणून पाहत होते.

“माझा जोडीदार कोण?” त्यांनी विचारलं.

“जोडीदार नसतो, अप्पा. प्रत्येकजण आपापला.”

“सहा जण बसलेत, आणि कोणी कोणाचा नाही?”

“नाही.”

“सरि,” अप्पा म्हणाले. सरि म्हणजे ठीक. पण ते पटून म्हटलेलं नव्हतं.

पहिले काही दिवस तर निव्वळ गंमत होती. तीनशे चारमध्ये गुलाम सगळ्यांत मोठा, त्याच्या खालोखाल नव्वी. राजा-राणी बिचारे जवळजवळ तळाला. आयुष्यभर हा हिशेब बोटांत भिनलेला. त्यामुळे अप्पांच्या हाती गुलाम आणि नव्वी आली की त्यांचा चेहरा उजळायचा आणि ते सगळे चिप्स पुढे सारायचे. समोरच्याकडे दोन राजे निघायचे. “राजा काय करील गुलामापुढे?” असं म्हणत ते पडद्याकडे बघत राहायचे. श्रीधर हसून हसून बेजार व्हायचा. मीही हसले. कितीतरी दिवसांनी घरात हसण्याचा आवाज आला होता आणि पावसाचं काही वाटत नव्हतं.

हळूहळू त्यांनी जुनं मोडलं. एक्का वर गेला, गुलाम खाली आला. कुठली दोन पानं टाकून द्यायची, कधी नुसतं गप्प बसायचं, हे त्यांना कळू लागलं. शिकण्याचं वय नसलेला माणूस शिकतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो तजेला येतो, तो मी वर्गात कधी पाहिला नाही. जिंकल्यावर ते मला हाक मारून दाखवायचे, आणि मी हातातलं काम टाकून बघायला जायचे.

त्यांना एकच गोष्ट खटकायची. समोरचा हरला की काही न बोलता नाहीसा व्हायचा. “पोदुम म्हणाला नाही,” अप्पा म्हणायचे. “मी बसलोय, आणि तो बोललाच नाही.” मी म्हटलं, अप्पा, त्यात बोलायची सोयच नाही. त्यावर ते म्हणाले, “बोलायची सोय नसेल, ऐकायची तर असेल ना. मी थांबतों.”

आणि ते थांबू लागले. जिंकत असले की उठायचे नाहीत, कारण उठणं वाईट. हरत असले की उठायचे नाहीत, कारण हरणाऱ्याचं मन अजून भरलेलं नाही. पोदुम म्हणणारं त्या टेबलावर कुणी नव्हतंच. जेवणाचं ताट गार व्हायचं. मी हाक मारली की हात वर करून थांबवायचे. नावाभोवती एक हिरवी रेघ फिरते, ती संपायच्या आत चाल करावी लागते. त्या रेघेच्या आत माझी हाक बसत नसे. आधी ते डाव संपल्यावर उत्तर द्यायचे. पुढे उत्तर द्यायचंही राहून जाऊ लागलं. पैशांचा प्रश्न असता तर मी भांडले असते, श्रीधरने फोन काढून घेतला असता, शेजारीपाजारी आमच्या बाजूने बोलले असते. इथे कशाचंच नुकसान होत नव्हतं. खोटे चिप्स वाढत होते आणि आमचे अप्पा रोज थोडे थोडे कमी होत होते, एवढंच.

कधी कधी मी त्यांच्या मागे उभी राहून त्या सहा गोलांकडे बघते. कुणाच्या जागी मांजराचं चित्र, कुणाच्या जागी मोटारीचं. ती माणसं कुठली, किती वयाची, माणसंच आहेत की यंत्र, काही कळायला मार्ग नाही. अप्पा त्यांच्याशी जितक्या अदबीने वागतात तितक्या अदबीने आता या घरात कुणाशीच वागत नाहीत. याचा मला मत्सर वाटतो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

गेल्या तै महिन्यात मैथिलीचं लग्न निघालं. मला त्यातल्या दागिन्या-साड्यांपेक्षा एकाच गोष्टीची ओढ होती. पंचूमामा येणार होता. मामा आला की सीट्टु कच्चेरी बसेल, अप्पांच्या समोर हाडामांसाचा जोडीदार येईल, आणि हे फोनचं भूत उतरेल, असं मी मनाशी धरून चालले होते. मामाही फोनवर तेच बोलत होता. गुडघे गेले होते, एका डोळ्याने दिसत नव्हतं. “मुहूर्ताला उशीर जाहला तरी चालेल,” तो म्हणाला, “दुपारला मज माडीवर जागा पाहिजे.” त्या दोघांच्या कच्चेरीतले बाकीचे सगळे एकेक करून गेले होते. हे दोघंच उरले होते, आणि दोघांनाही ते माहीत होतं.

मुहूर्त छान लागला. अप्पांनी अक्षता टाकल्या, पंगतीला बसले, पायसम दोनदा मागून घेतलं. मला बरं वाटलं. जेवणानंतर मामा कठड्याला धरून एकेक पायरी माडीवर चढला. मी जमखाना अंथरला. नवऱ्याकडचे दोन काका गप्पा मारत उभे होते, त्यांना मामाने बोलावून बसवलं. चौथी जागा सोडून मामा तिच्या समोर बसला, पिशवीतून कॅट काढला आणि पिसू लागला. पावडरचा तो वास आला तेव्हा मला आईची फार आठवण झाली.

अप्पा माडीवरच, खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मान खाली.

मी जवळ गेले. “अप्पा, मामा बसलाय. या ना.”

“आलों. एक डाव.”

पुन्हा गेले. पुन्हा एक डाव. तिसऱ्यांदा मी त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा त्यांनी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच अडचण होती.

“जिंकतोंय गे, अक्का. जिंकतांना कसा उठूं? तूच सांग.”

मी म्हटलं, “अप्पा, तिथे कुणी नाही. इथे मामा आहे.”

“पाच जण आहेत,” अप्पा म्हणाले आणि बोट पडद्यावर टेकवलं.

मला वाटलं होतं, मामा चिडेल. त्याने एकदा तरी ओरडावं अशी माझी इच्छा होती. त्याने सगळं ऐकलं होतं. तो पानं पिसता पिसता थांबला आणि त्या दोन काकांना समजावून सांगितल्यासारखा म्हणाला, “बरोबर आहे त्याचं. जिंकणारा कसा उठेल? समोरच्यानं म्हणायला पाहिजे.” आणि पुन्हा पिसू लागला.

तो थांबला. जसा तो आयुष्यभर हरणाऱ्यांसाठी थांबला होता, तसाच. नवऱ्याकडचे काका थोडा वेळ बसले, मग एकाला फोन आला, दुसऱ्याला बायकोने कपडे बदलायला बोलावलं. मामा एकटाच जमखान्यावर राहिला. त्याने चार ठिकाणी पानं वाटली, पाहिली नाहीत, गोळा केली. पुन्हा वाटली. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं. खाली रिसेप्शनसाठी बाजेवाले सूर लावू लागले. मंडपाचे कामगार खुर्च्या मांडायला वर आले आणि जमखाना हवा म्हणाले. मामाला आपण होऊन उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून त्याला उभं केलं. त्याने कॅट पिशवीत घातला, खुर्चीपाशी गेला आणि अप्पांच्या डोक्यावरून हलकेच हात फिरवला. थोरला होता ना तो.

“बघ तुझं,” तो म्हणाला. “मी खाली जातों.”

अप्पांनी मान हलवली. रेघ फिरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मामा गेला. श्रीधर आणि मी एग्मोर स्टेशनवर पोचवायला गेलो. अप्पा घरीच निरोप देताना म्हणाले, पुढच्या लग्नाला खेळूं. मामा म्हणाला, खेळूं की. दोघंही खोटं बोलत नव्हते. गाडी सुटेपर्यंत मामा आमच्याशी मैथिलीबद्दल, पायसमबद्दल, वरणात हिंग कमी होतं त्याबद्दल बोलला. माडीबद्दल एक अक्षर नाही. मला तेव्हा काय वाटलं ते मी अनेकदा लिहून पाहिलं आणि खोडलं. राग कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. एकाने रीत पाळली म्हणून तो उठला नाही, दुसऱ्याने रीत पाळली म्हणून त्याने उठवलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी माणसांचं मन राखायला जी रीत केली, तिनेच ही दोन माणसं एका माडीवर, हाकेच्या अंतरावर, तोडून ठेवली.

पुढे आडी महिन्यात, म्हणजे आषाढात, तंजावरहून फोन आला. मामा झोपेतच गेला होता. दुपारची वेळ होती. मी अप्पांच्या समोर जाऊन बसले आणि सांगितलं. त्यांनी फोन उचलला आणि पालथा ठेवला. डाव चालू असताना त्यांनी असं कधी केलं नव्हतं. मला वाटलं, आता रडतील. रडले असते तर मी त्यांना जवळ घेतलं असतं. मनातल्या मनात तेवढ्यात मी तंजावरला जायची तयारीही करून टाकली, कुठली पिशवी, अप्पांच्या गोळ्या.

मग ते बोलले.

“जमखान्यावर कोण गेला की जागा दिसत राहते गे. पहिला तुझा काका गेला, ती जागा दिसली. मग शेषूराव गेला. आम्ही कोणाला तरी आणून बसवायचों, पण खालची जागा दिसायचीच. आता पंचू.” त्यांनी पालथ्या फोनवर तळहात ठेवला. “इथें तसं नाही. कोणी उठला की त्याच क्षणी दुसरा बसतो. कोण गेला, मज कळेना. हें बरं आहे.”

आम्ही तंजावरला गेलो नाही. ते येईनात, आणि त्यांना एकटं ठेवून मला जाता येईना. तेराव्यानंतर मामाच्या सुनेने तो कॅट कुणाला तरी देऊन टाकला, असं पुढे कळलं.

म्हणजे अप्पा चुकून त्या खेळात अडकले नव्हते. श्रीधरच्या हातून, पावसाच्या कंटाळ्यातून, भलत्या शिष्टाचारातून, असं मी जे सगळं जोडत आले होते, ते वरवरचं होतं. त्यांना नेमकं हेच हवं होतं. जिथे कुणीही गेलेलं दिसत नाही अशी जागा. आणि त्या जागेपुढे मी, माझं गरम ताट, माझ्या हाका, हे सगळं फार तोकडं होतं. त्या दिवसापासून मी त्यांना जेवायला दोनदा हाक मारत नाही.

आज मात्र पत्रिका आली, बोटाला हळद लागली, आणि का कोण जाणे, मी पुन्हा एकदा त्यांच्यापुढे जाऊन बसले. आमच्यात बायका सीट्टु खेळत नाहीत. मी गणित शिकवण्यात जन्म घालवला, पण पत्त्याला हात लावलेला नाही.

“अप्पा,” मी म्हटलं, “मज तीनशे चार शिकवा.”

त्यांनी वर पाहिलं. किती तरी महिन्यांनी त्यांनी मला नीट, पूर्ण पाहिलं. चेहरा मऊ झाला. माझं बोलणं त्यांनी मनावर घेतलं होतं. ते विचार करत होते, हे मला दिसत होतं. त्यांची नजर माझ्यावरून श्रीधरच्या बंद खोलीकडे गेली. तो ऑफिसला गेलेला. स्वयंपाकघराकडे गेली. तिथे कुणी नव्हतं. समोरच्या भिंतीवरून फिरून परत माझ्यापाशी आली.

“चार जण लागतात गे, बाळा,” ते म्हणाले.

मग पडद्यावर त्यांची पाळी आली.